श्रेष्ठ गिटारवादक कोणाला म्हणावे?

‘सर्वांत मोठा कोण?’ हा प्रश्न विचारल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही. ज्ञानेश्वर मोठे की तुकाराम, गावसकर मोठा की तेंडुलकर, या वादांत आजवर कितीतरी संध्याकाळी खर्ची पडल्या आहेत आणि पुढेही पडतील. विचारी मंडळी असल्या वादांना निष्फळ म्हणतात. मला मात्र ते तसे वाटत नाहीत. वादाचा निकाल लागो वा न लागो, वाद घालणाऱ्याने कोणते माप हाती धरले आहे ते त्यातून उघड होते. साहित्य असो, चित्र असो की संगीत, कलाशाखेच्या विद्यार्थ्याला आपले माप ओळखता येणे ही मोठीच कमाई होय.

प्रस्तुत लेखात असाच एक वाद तपासून पाहण्याचा विचार आहे : जगातील सर्वश्रेष्ठ गिटारवादक कोण? गेली चार वर्षे मी गिटार शिकत आहे, त्यामुळे हा वाद माझ्या कानांवर नित्य येतो. आमच्या कट्ट्यावर कोणी जिमी हेन्ड्रिक्सचे नाव घेतो, कोणी एरिक क्लॅप्टनचे; कोणी सेगोव्हियापलीकडे कोणाला मानायलाच तयार नसतो. एखादा मित्र मोबाईलवर विजेच्या वेगाने बोटे फिरवणाऱ्या कुणा अनोळखी मुलाचे वादन दाखवतो आणि म्हणतो, ‘‘याच्यापुढे तुमचे सगळे फिके!’’ प्रत्येकाचे म्हणणे आपापल्या परीने खरे असते, कारण प्रत्येकाचे माप निराळे असते. ही मापे एकेक करून पाहू.

याद्या आणि त्यांचे चढउतार

या वादात हमखास पुढे केला जाणारा पुरावा म्हणजे अमेरिकेतील ‘रोलिंग स्टोन’ नियतकालिकाच्या याद्या. या नियतकालिकाने २००३ साली शंभर श्रेष्ठ गिटारवादकांची यादी छापली. २०११ मध्ये वादकांचा व जाणकारांचा कौल घेऊन पुन्हा शंभर नावे निवडली, आणि २०२३ मध्ये अडीचशे नावांची नवी यादी प्रसिद्ध केली. या तिन्ही याद्यांत पहिले नाव हेन्ड्रिक्सचेच आहे. त्याच्याखाली नजर टाकली की मात्र गंमत सुरू होते.

एडी व्हॅन हेलन हा वादक २००३ मध्ये सत्तराव्या स्थानावर होता. २०११ मध्ये तो आठवा झाला आणि २०२३ मध्ये चौथा. क्लॅप्टन २००३ मध्ये चौथा होता, २०११ मध्ये दुसरा. २०२३ मध्ये पहिल्या दहांतही त्याचे नाव नाही. सिस्टर रोझेटा थार्प या बाईंचे नाव तर २००३ च्या शंभरांत नव्हतेच. २०२३ मध्ये त्या एकदम सहाव्या स्थानावर आल्या. थार्पबाई १९७३ साली निवर्तल्या. म्हणजे या वीस वर्षांत त्यांनी एकही नवा स्वर छेडलेला नाही. मग त्यांचे वादन एवढे सुधारले कसे? सुधारला तो ऐकणाऱ्यांचा कान. निदान बदलला तरी खास.

यावरून ‘याद्या खोट्या असतात’ असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. यादी हा त्या त्या काळच्या श्रोत्यांचा आरसा असतो. शिवाय या याद्या मुख्यतः रॉक, ब्लूज आणि त्यांच्या आसपासच्या संगीताच्या आहेत. त्यांचा पहिला धडा एवढाच की वादकाचे स्थान आणि वादकाचे वादन या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. स्थान बाजूला ठेवून वादनाकडे वळायचे, तर आधी वाद्याचा स्वभाव समजून घेतला पाहिजे.

वाद्याचा स्वभाव

गिटारला सहा तारा, एक लांब दांडी आणि एक पोकळ लाकडी पेटी असते. तार छेडली की स्वर उमटतो आणि उमटल्या क्षणापासून मरू लागतो. व्हायोलिनवादक गज फिरवून स्वर हवा तेवढा धरून ठेवू शकतो, बासरीवादक दम टिकेल तोवर फुंकू शकतो. गिटारवादकाला ती सोय नाही. आपल्याकडे ज्याला स्वराची ‘आस’ म्हणतात, ती गिटारला फार थोडी लाभली आहे. ही तिची पहिली अडचण.

दुसरी अडचण आवाजाची. साध्या गिटारचा आवाज लहान. दिवाणखान्यात तो गोड वाटतो, पण मोठ्या सभागृहात किंवा ढोल-तुताऱ्यांच्या वाद्यवृंदात तो बुडून जातो. अंतोनियो दे तोर्रेस (१८१७–१८९२) या स्पॅनिश कारागिराने पेटी मोठी केली आणि आतून पंख्याच्या काड्यांप्रमाणे पट्ट्या बसवण्याची रीत पक्की करून आवाज पुष्कळ वाढवला. आजची शास्त्रीय गिटार त्याच्याच घडणीची लेक आहे. तरीही पियानोच्या शेजारी बसवली तर ती दबूनच बोलते.

तिसरी अडचण पडद्यांची. दांडीवर धातूचे पडदे कायमचे ठोकलेले असतात. सतारीचे पडदे उंच व वळणदार, त्यामुळे तार बाजूला खेचून लांबलचक मींड घेता येते. गिटारचे पडदे बुटके आणि दांडीला चिकटून असल्याने दोन स्वरांमधली जागा तेथे सहजासहजी हाती येत नाही.

या तीन अडचणींच्या बदल्यात गिटारने एक देणगीही दिली आहे. खर्ज, चाल आणि स्वरसंगती ही तिन्ही एका माणसाला एकाच वेळी दोन हातांनी वाजवता येतात, आणि तेही खांद्याला अडकवून गावोगाव हिंडता येईल अशा वाद्यावर.

माझे म्हणणे असे की, मोठ्या गिटारवादकांचा इतिहास म्हणजे या अडचणींना दिलेल्या निरनिराळ्या उत्तरांचा इतिहास आहे. हे एकदा ध्यानात घेतले की कट्ट्यावरच्या वादाला पुष्कळ शिस्त येते.

वेगाचे माप

सर्वांत लोकप्रिय माप वेगाचे. ते लोकप्रिय असण्याचे कारण उघड आहे : वेग मोजता येतो. भावनेला घड्याळ लावता येत नाही, वेगाला लावता येते.

वेगाला तुच्छ लेखणाऱ्यांपैकी मी नाही. ५ डिसेंबर १९८० रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे पाको दे लुसिया, जॉन मॅक्लॉक्लिन आणि अल डी मिओला या तिघांनी वाजवलेल्या मैफलीची ध्वनिमुद्रिका १९८१ साली निघाली. ती ऐकताना आजही अंगावर रोमांच उभे राहतात. पण नीट ऐकले तर एक गोष्ट जाणवते. पाकोचा वेग हा फ्लेमेंको परंपरेतून आलेला आहे. तेथे गिटार ही नर्तकीच्या पायांची आणि गवय्याच्या आर्त आवाजाची सोबतीण असते. सोलेआ, बुलेरिया यांसारखे प्रकार बारा मात्रांच्या आवर्तनात बांधलेले असतात, आणि त्या आवर्तनात आघात कोठे पडतो यावर सारी बहार अवलंबून असते. पाकोची जलद सुरावट त्या आघातावर येऊन पडते तेव्हा, तान समेवर आल्यावर आपल्या तोंडून जशी नकळत दाद जाते, तशीच ती जाते. तीच बोटे तेवढ्याच वेगाने पण आवर्तनाचे भान सोडून फिरली, तर तो नुसता व्यायाम ठरेल.

तात्पर्य, वेग हा वादकाचा शब्दसंग्रह आहे. शब्दसंग्रह तोकडा असेल तर बोलताना अडखळायला होते. पण ज्याचा शब्दकोश जाड तो मोठा कवी, असे आपण म्हणत नाही.

वेगाच्या मापाला सर्वांत जबरदस्त तडा जातो तो जँगो राइनहार्टच्या चरित्राने. बेल्जियममध्ये १९१० साली जन्मलेला हा रोमानी भटक्या जमातीचा मुलगा. १९२८ मध्ये त्याच्या राहत्या गाडीला आग लागली. विकण्यासाठी करून ठेवलेल्या कृत्रिम फुलांनी पेट घेतला आणि अठरा वर्षांच्या जँगोचा डावा हात भाजला. त्या हाताची करंगळी आणि अनामिका कायमची आखडली. गिटारवादकाचा डावा हात म्हणजे स्वर शोधणारा हात. तोच निम्मा गेला. जँगोने उरलेल्या दोन बोटांसाठी सारे वादन नव्याने रचले. चार बोटांनी दांडीच्या आडव्या दिशेने वाजवायचे ते त्याने दोन बोटांनी उभे, वरखाली धावत वाजवले. आखडलेली बोटे फक्त काही स्वरसंगतींपुरती टेकवली. १९३४ साली व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेली याच्यासह त्याने पॅरिसमध्ये तंतुवाद्यांचे पंचक उभे केले. जॅझ ही तोवर अमेरिकेची मिरास समजली जाई. तिच्यात युरोपचा स्वतःचा आवाज या पंचकाने मिळवून दिला. त्यात ना ढोल होता ना तुतारी; गिटार तेथे पुढे येऊन बोलत होती.

या कथेला पुढे एक फांदी फुटली. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या कारखान्यात काम करणाऱ्या टोनी आयोमी या सतरा वर्षांच्या मुलाच्या दोन बोटांची टोके यंत्रात तुटली. गिटार संपली असे तो समजून बसला असता कारखान्यातील त्याच्या वरिष्ठाने त्याला जँगोची ध्वनिमुद्रिका ऐकवली आणि मग या वादकाच्या बोटांची हकिगत सांगितली. आयोमीने बोटांना स्वतः बनवलेल्या टोप्या बसवल्या, तारा हलक्या लावल्या, पुढे त्या उतरवून ढिल्या केल्या. त्या जड, खोल आवाजावर ‘ब्लॅक सॅबथ’ हा वाद्यवृंद उभा राहिला आणि हेवी मेटल या संगीतप्रकाराचा पाया घातला गेला. जँगोच्या आणि आयोमीच्या संगीतात म्हणावे असे साम्य नाही. पण एका वादकाने दुसऱ्याला ‘हेही शक्य आहे’ एवढे सांगितले, आणि तेवढे पुरले.

सभागृह, वीज आणि एक स्वर

आंद्रेस सेगोव्हिया (१८९३–१९८७) याच्यापुढे प्रश्न वेगळा होता. त्याच्या तरुणपणी गिटार हे पानगृहातले, फार तर दिवाणखान्यातले वाद्य मानले जाई. सभागृहात एकट्या गिटारची मैफल करायची तर वाजवायला तोलामोलाच्या रचनाही पुरेशा नव्हत्या. सेगोव्हियाने दोन्ही आघाड्यांवर काम केले. नख आणि बोटाचे मांस यांच्या मिलाफाने, कधी घोडीजवळ तर कधी दांडीजवळ तार छेडून, त्याने एकाच स्वराच्या अनेक छटा काढल्या. आवाज मोठा करता येत नसेल तर रंग वाढवावेत, हे त्याचे उत्तर. १९३५ साली पॅरिसमध्ये त्याने बाखची मूळ व्हायोलिनसाठी असलेली ‘शाकोन’ गिटारवर सादर केली. पोन्से, व्हिला-लोबोस, कास्तेल्नुओव्हो-तेदेस्को अशा संगीतकारांनी त्याच्यासाठी रचना केल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आतड्याच्या तारा मिळेनाशा झाल्या, तेव्हा न्यूयॉर्कच्या अल्बर्ट ऑगस्टिन यांनी नायलॉनच्या तारा तयार केल्या; त्यांच्या प्रसारामागेही सेगोव्हिया होता. आज आपल्याकडे कोणी परीक्षा देऊन शास्त्रीय गिटार शिकतो, त्याच्या वहीत या माणसाची सावली असतेच.

सेगोव्हियाला विजेची गिटार मुळीच मान्य नव्हती. परंतु अटलांटिकच्या पलीकडे याच अडचणीला विजेने उत्तर दिले जात होते. १९३६ साली गिब्सन कंपनीने विजेवर चालणारी एक गिटार बाजारात आणली. तारांखाली बसवलेले चुंबक आणि तारेचे वेटोळे, म्हणजे पिकप, तारेच्या कंपनाचे विजेच्या लहरीत रूपांतर करते आणि ॲम्प्लिफायर ती लहर मोठी करतो. यंत्र तयार होते, पण त्यावर काय बोलायचे ते ठरायचे होते. ते चार्ली ख्रिश्चनने ठरवले. १९३९ मध्ये बेनी गुडमनच्या वाद्यवृंदात आलेला हा तरुण सॅक्सोफोनसारख्या लांब, वळसेदार ओळी गिटारवर वाजवू लागला. तोवर जॅझमधली गिटार मागे बसून ठेका धरी. ख्रिश्चनने तिला पुढच्या रांगेत खुर्ची दिली. १९४२ साली क्षयाने तो गेला तेव्हा तो अवघा पंचवीस वर्षांचा होता.

बी. बी. किंगचे (१९२५–२०१५) उत्तर आणखी निराळे. त्याचा एक आप्त, बुका व्हाइट, तारांवरून धातूची नळी सरकवीत वाजवी. त्यात स्वर माणसाच्या गळ्यासारखा घसरत जाई. किंगला ते साधेना. म्हणून त्याने बोटाने तार खेचून व थरथरवून तोच परिणाम साधण्याचा प्रयत्न केला. त्यातून जन्मलेला त्याचा कंप असा की, एक स्वर ऐकताच ‘हा किंग’ म्हणून ओळख पटावी. गाताना तो सहसा गिटार वाजवीत नसे. एक ओळ गळ्याने म्हणायची आणि तिला गिटारने उत्तर द्यायचे, अशी त्याची रीत. ख्याल गायनात सारंगी गवय्याच्या पाठीमागे बोलते, तिची आठवण येथे झाल्याशिवाय राहत नाही. स्वरसंगती वाजवण्यात आपण कच्चे असल्याचे तो उघड सांगे. वेगाच्या परीक्षेत तो कदाचित मागे पडेल. पण किती स्वर वाजवले यापेक्षा कोणता स्वर वाजवला हे ज्याला महत्त्वाचे वाटते, त्याला किंग टाळून पुढे जाता येत नाही.

आता हेन्ड्रिक्स. सिअ‍ॅटल येथे १९४२ साली जन्म, लंडनमध्ये १९७० साली मृत्यू, वय सत्तावीस. जगाने त्याला ऐकले ते जेमतेम चार वर्षे. डावखुरा असल्याने तो उजव्या हाताची गिटार उलटी धरून, तारा बदलून वाजवी. पण त्याचे मोठेपण या कौतुकात नाही. विजेच्या गिटारला एक खोड आहे. आवाज फार वाढवला की कर्ण्यातून निघालेला नाद तारेला पुन्हा हलवतो, ती हालचाल पुन्हा कर्ण्यातून निघते, आणि हे चक्र सुरू होऊन कर्कश शीळ घुमू लागते. हा फीडबॅक म्हणजे ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्याची डोकेदुखी. हेन्ड्रिक्सच्या आधीही काहींनी त्याचा वापर केला होता. परंतु हेन्ड्रिक्सने त्याला स्वराची आस बनवले. उमटताच मरणारा गिटारचा स्वर आता वादकाच्या इच्छेनुसार जिवंत राहू लागला, वाढू लागला, किंचाळू लागला. वाद्याचा जन्मजात दोष आणि यंत्राचा नवा दोष, या दोघांची गाठ घालून त्याने भाषा निर्माण केली.

ही भाषा कशासाठी, याचे उत्तर १८ ऑगस्ट १९६९ च्या सकाळी वुडस्टॉक महोत्सवात मिळाले. व्हिएतनामचे युद्ध चालू होते. काही काळ स्वतः सैन्यात छत्रीधारी सैनिक राहिलेल्या हेन्ड्रिक्सने आपल्या देशाचे राष्ट्रगीत एकट्या गिटारवर वाजवले. चाल ओळखीची, पण तिच्या मधूनच गिटार फुटत होती, कोसळत होती. त्यात बॉम्ब ऐकू आले, भोंगे ऐकू आले असे ऐकणारे सांगतात. हेच राष्ट्रगीत पियानोवर किंवा व्हायोलिनवर वाजवून हे सांगता आले नसते. ते सांगण्यासाठी गिटारच हवी होती, आणि तीही त्याने घडवलेलीच.

मापाबाहेर राहिलेले

माप चुकले की माणसे दिसेनाशी होतात. २००३ च्या यादीतील शंभर नावांत स्त्रिया फक्त दोन होत्या : जोनी मिचेल आणि जोन जेट. सिस्टर रोझेटा थार्प त्यांत नव्हत्या, हे वर आलेच आहे. आर्कान्सास राज्यात १९१५ साली जन्मलेल्या या बाई चर्चची भक्तिगीते विजेच्या गिटारवर वाजवीत आणि त्यांत असा जोर भरीत की, पुढे ज्याला रॉक अँड रोल म्हटले गेले त्याची चाहूल त्यांच्या १९४४ सालच्या ध्वनिमुद्रणात लागते. १९६४ मध्ये मँचेस्टरच्या एका बंद पडलेल्या रेल्वे स्थानकावर त्यांनी दूरचित्रवाणीसाठी कार्यक्रम केला. श्रोते समोरच्या फलाटावर, पाऊस पडून गेलेला, आणि अंगात कोट घालून उभ्या असलेल्या पन्नाशीकडे झुकलेल्या बाई गिटारवर तुटून पडलेल्या! ते चित्रण आज कोणालाही पाहता येते. मृत्यूनंतर कितीतरी वर्षे त्यांच्या थडग्यावर नावाचा दगडही नव्हता. २०१८ साली अमेरिकेच्या रॉक अँड रोल सन्मान-दालनात त्यांचा समावेश झाला.

हा विषय मला केवळ ऐतिहासिक वाटत नाही. दोन वर्षांपूर्वी एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत वाजवून मी खाली उतरले, तेव्हा परीक्षकांपैकी एकांनी कौतुकाने म्हटले, ‘‘मुलीच्या मानाने हात चांगला आहे.’’ त्यांचा हेतू चांगलाच असावा. पण ‘मुलीच्या मानाने’ हे माप कोठून आले? हात चांगला की वाईट ते तारेला कळते. हात कोणाचा ते तारेला कळत नाही. ज्या श्रोत्यांनी लहानपणापासून शंभरांत अठ्ठ्याण्णव पुरुषांची नावे ऐकली, त्यांच्या कानाला ही सवय लागणारच. म्हणून याद्यांचा वाद निरुपद्रवी समजू नये. उद्या कोणाच्या हाती गिटार दिली जाईल आणि कोणाला ‘तू गाणे शीक’ म्हणून सांगितले जाईल, हे काही अंशी अशा याद्याच ठरवीत असतात.

आपला कान

असेच मापाबाहेर राहिलेले दुसरे दालन आपल्या घरचे आहे. हिंदुस्थानी संगीतात वाढलेला कान गिटारला पहिला प्रश्न विचारतो तो मींडेचा. त्या प्रश्नाचे उत्तर हवाई बेटांवरून आले. तेथील वादक गिटार आडवी ठेवून तारांवरून पोलादी कांडी सरकवीत. पडद्यांचा अडसर आपोआप दूर होई. १९४० च्या दशकात हवाईचे ताऊ मो कलकत्त्यात राहून ही गिटार वाजवीत व शिकवीत. पुढे जोधपूरचे ब्रिजभूषण काब्रा (१९३७–२०१८) यांनी उस्ताद अली अकबर खाँ यांच्याकडे तालीम घेऊन तिच्यावर राग मांडला. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मांचा संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्या जोडीने बोलते ती काब्रांची गिटार. विश्वमोहन भट्ट यांनी चिकारीच्या व तरफेच्या तारा जोडून मोहनवीणा घडवली; तरफांनी स्वराला आस दिली. जे काम हेन्ड्रिक्सने विजेकडून करवून घेतले, ते येथे तरफेच्या तारांनी केले!

अमेरिकेचा राय कूडर आणि भट्ट यांनी मिळून केलेल्या ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ या ध्वनिमुद्रिकेला १९९४ साली ग्रॅमी पुरस्कार मिळाला. त्या ध्वनिमुद्रणापूर्वी दोघांची ओळखही नव्हती, पण दोघांच्या घसरत्या स्वरांनी एकमेकांना लगेच ओळखले. २००३ च्या यादीत कूडर आठवा आहे. भट्टांचे नाव नाही. उलट दिशेनेही प्रवास झाला. झाकिर हुसेन आदींबरोबर ‘शक्ती’ हा वृंद उभारणाऱ्या मॅक्लॉक्लिनने गिटारच्या पडद्यांमधले लाकूड कोरून घेतले, ते तार दाबून-खेचून गमक घेता यावी म्हणून. मुंबईत गोवेकर कुटुंबात जन्मलेले अमान्सिओ डिसिल्वा (१९३६–१९९६) लंडनला गेले आणि १९६९ च्या ‘इंटिग्रेशन’ या ध्वनिमुद्रिकेत त्यांनी जॅझच्या गिटारला भारतीय वळण दिले. ‘सर्वश्रेष्ठ’च्या वादात त्यांचे नाव माझ्या कानी एकदाही आलेले नाही.

दोन आक्षेप

येथवर आलेल्या वाचकाला दोन आक्षेप सुचतील. पहिला असा : ज्याने वाद्याची अडचण सोडवली तो मोठा, असे म्हटले तर मग तोर्रेससारखा कारागीरच सर्वांत मोठा नव्हे काय? याचे उत्तर असे की कारागीर दार उघडतो, पण त्या दारातून आत जाऊन काय दिसले ते वादक सांगतो. गिब्सनची विजेची गिटार ख्रिश्चनच्या आधी तीन वर्षे दुकानांत होती. नव्या युक्तीची ज्याला खरी गरज पडली, ज्याच्यापाशी त्या युक्तीशिवाय सांगता न येणारे काही होते, तोच कलावंत.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. ज्याने वाद्यात काहीच बदल केला नाही, पण जे आहे ते अलौकिक रीतीने वाजवले, त्याचे काय? इंग्लंडचा ज्युलियन ब्रीम (१९३३–२०२०) हे ठळक उदाहरण. त्याची गिटार सेगोव्हियाच्याच जातीची. पण त्याच्या वादनातील जिवंतपणामुळेच बेंजामिन ब्रिटनसारख्या संगीतकाराला १९६३ मध्ये त्याच्यासाठी ‘नॉक्टर्नल’ ही गंभीर रचना करावीशी वाटली. आपल्याकडेही घराणे स्थापन करणारा आणि ते परिपूर्ण गाणारा असे दोन प्रकारचे थोर गवई असतात. दुसऱ्याला आपण दुय्यम म्हणत नाही. म्हणून मी दोन शब्द वेगळे ठेवते. ‘श्रेष्ठ’ अनेक असतात, आणि ब्रीम त्यांत निःसंशय आहे. ‘सर्वश्रेष्ठ’ म्हणायचे तर मात्र, त्याच्यानंतर ते वाद्य पूर्वीचे राहिले नाही, एवढे सिद्ध झाले पाहिजे.

माझे मत

एवढा ऊहापोह करून स्वतःचे मत गुलदस्तात ठेवणे योग्य नव्हे. नायलॉनच्या तारांची शास्त्रीय गिटार आणि विजेची गिटार ही नावाने एक पण स्वभावाने दोन वाद्ये झाली आहेत. सतार आणि सरोद यांच्या वादकांत जसा क्रम लावू नये, तसा यांच्यातही लावू नये. पहिल्या वाद्यापुरते मी सेगोव्हियाचे नाव घेईन आणि दुसऱ्यापुरते हेन्ड्रिक्सचे. म्हणजे तिन्ही याद्यांचे पहिले नाव मला मान्य आहे. परंतु उत्तर बरोबर आले तरी रीत दाखवली नसेल, तर गणिताचे अध्यापक पूर्ण गुण देत नाहीत. हेन्ड्रिक्स सर्वांत वेगवान म्हणून किंवा दातांनी गिटार वाजवी म्हणून पहिला नव्हे. गिटारच्या मरणाऱ्या स्वराला त्याने जगवले, आणि त्या स्वराकडे सांगण्यासारखे काही होते, म्हणून तो पहिला.

आणि रियाजाला बसताना, बोटे दुखू लागली की मला आठवतो तो जँगो. त्याला कोणता क्रमांक द्यावा हा विचार त्या वेळी मनात येत नाही.

माझ्या सहाध्यायांना एकच सुचवावेसे वाटते. पुढच्या वेळी हा वाद निघाला की नाव सांगण्याआधी आपले माप सांगावे, आणि मग त्या वादकाची एखादी ध्वनिमुद्रिका लावून सर्वांनी मिळून ऐकावी. गिटारच्या जागी कवी, नट किंवा चित्रकार ठेवला तरी ही रीत चालेल. वाद कदाचित मिटणार नाही; पण मतभेद नेमका कोठे आहे ते समजेल, आणि तेवढ्या वेळात थोडे चांगले संगीतही कानांवर पडेल.